पाऊस, माती आणि ओढ्यातला गाळ: आपल्या गावाचा पाणलोट स्वतः कसा मोजायचा

पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्याला चहाच्या रंगाचं पाणी येतं आणि सगळे पुलावर उभे राहून व्हिडिओ काढतात. तो रंग वरच्या कुणाच्यातरी रानातल्या मातीचा असतो आणि ती माती त्या रानात परत जात नाही. मी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरचा, कऱ्हा नदीच्या खोऱ्यातला, आमच्याकडे पाऊस कमी म्हणून ओळखला जाणारा भाग आणि तरीही माती वाहून जाते ती भरपूर, कारण आमचा पाऊस पडतो तो असा पडतो की तासाभरात सगळं उरकतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कऱ्हेला जो पूर आला तो इकडच्या कुणीच विसरलेला नाही, खाली पार बारामतीपर्यंत लोकांना हलवावं लागलं होतं. त्यानंतर आम्ही काही जणांनी गावच्या ओढ्यावर साध्या सामानात मोजमाप सुरू केलं, त्यातून जे शिकलो ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितोय. इंजिनियर असायची गरज नाही, बारावीपर्यंतचं गणितही लागत नाही, फक्त वही नीट ठेवायची आणि पावसात भिजायची तयारी पाहिजे.

आधी पाणलोट आखा

पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेलं पाणी शेवटी एकाच जागेवरून बाहेर जातं ते सगळं क्षेत्र. तुमच्या ओढ्यावरचा एखादा साकव किंवा छोटा पूल निवडा, ती तुमची मोजायची जागा. आता तिथून वर बघत विचारा की कुठवर पडलेला थेंब इथे येईल. डोंगराची धार, टेकडीची सोंड, कधीकधी नुसता रस्त्याचा भराव, यावरून पाणी दोन बाजूला वाटलं जातं, ती रेघ जोडत गेलं की पाणलोट मिळतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढ-उतार दाखवणारा नकाशा, मिळाली तर उत्तम, त्यावर उंचीच्या दर २० मीटरला समपातळी रेषा असतात, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा. नवख्या माणसासाठी एक खूण सांगतो, रेषेचं टोक चढाच्या दिशेला टोकदार होत असेल तर तिथे ओढा आहे आणि उताराच्या दिशेला फुगत असेल तर ती सोंड आहे. टोपोशीट नसेल तर गूगल अर्थवर उंची बघत आखा, पण मग एकदा पायी फिरून खात्री करा, कारण रस्त्याच्या मोऱ्या आणि शेतातले चर पाणी कुठल्या कुठे फिरवतात आणि हे वरून दिसत नाही. महाराष्ट्राचे भूजल विभागाने १५३१ पाणलोट पाडलेत, पण ते खूप मोठे असतात. पहिल्या वर्षी तुम्ही १०० ते ३०० हेक्टरचा एखादा ओहोळच घ्या, म्हणजे एका पावसाचा एक परिणाम स्वच्छ दिसतो.

पाऊस मोजा, आणि घड्याळ लावून मोजा

माझं ठाम मत असं की सगळी गोष्ट इथेच आहे. गावात कुणालाही विचारा, काल किती पडला, तर "४० मिमी" असं उत्तर येतं. किती वेळात पडला हे कुणी सांगत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी झाला की कागदावर अतिवृष्टी, पण तोच ६५ मिमी दिवसभर रिपरिप पडला तर जमीन बराचसा पिऊन टाकते आणि ओढा जेमतेम हलतो, आणि दुपारी ४ ते ५ मध्ये पडला तर बांध फुटतात. मातीला बेरीज कळत नाही, मारा कळतो.

मारा म्हणजे काय ते थेंबावरून बघा. बुरबुरीचा थेंब अर्ध्या मिमीचा, तो सेकंदाला साधारण २ मीटर वेगाने येतो. वळवाचा मोठा थेंब ५ मिमीचा, तो सेकंदाला ९ मीटरने येतो. जाडी १० पट म्हणजे वजन १००० पट, वरून वेग साडेचार पट, आणि वेगाचा वर्ग घ्यायचा असतो, तर एका थेंबाची ताकद जवळपास २०,००० पट झाली. हा थेंब उघड्या जमिनीवर आपटला की ढेकूळ फोडतो, बारीक कण फूट-दोन फूट उडवतो, आणि तेच बारीक कण परत पडून जमिनीची छिद्रं बुजवतात. दोन दिवसांनी ऊन पडलं की वर जी कडक खपली दिसते ना, ती हीच. म्हणजे पहिला पाऊस दुसऱ्या पावसाचं पाणी जिरायची वाट बंद करून ठेवतो.

आता मापक. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या दुकानात ११.३ सेंमी व्यासाचं नरसाळं शोधा, त्याचं तोंड बरोबर १०० चौरस सेंमी भरतं, म्हणजे खाली जमा झालेलं प्रत्येक १० मिली पाणी = १ मिमी पाऊस. खाली २ लिटरची बाटली, मोजायला मेडिकलमधलं मोजपात्र, खर्च फार नाही. झाड, भिंत, छपरापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब ठेवा आणि नरसाळ्याची कड आडवी आहे ना ते पाणसळीने बघा. रोजचं रीडिंग सकाळी ८:३० ला घ्या, हवामान खात्याची वेळ तीच आहे म्हणून तुमचे आकडे त्यांच्याशी लावून बघता येतात.

पण मोठा पाऊस सुरू झाला की दर १५ मिनिटांनी मोजायचं. जमत नसेल तर निदान अर्ध्या तासाने, आणि वीज कडाडत असेल तर अजिबात बाहेर जायचं नाही, रीडिंग राहिलं तरी चालेल. १५ मिनिटांत १५ मिमी पडला तर तीव्रता तासाला ६० मिमी. एका पावसातला सगळ्यात जोरदार अर्धा तास कोणता आणि त्यात किती पडला, हा आकडा वहीत लाल पेनाने लिहा. जमिनीची धूप काढायचं जगभर वापरलं जाणारं सूत्र आहे, विशमायर आणि स्मिथ यांचं, त्यातही पावसाचा हिशोब पावसाची ऊर्जा गुणिले त्याचा जास्तीत जास्त ३० मिनिटांचा वेग असाच धरतात. त्यांनी अमेरिकेतल्या हजारो प्लॉट-वर्षांच्या (जमिनीचा एक तुकडा एक वर्ष मोजला की एक प्लॉट-वर्ष) नोंदींवरून ते काढलं आणि आमच्या ओढ्यावर बघितलं तर अर्ध्या तासाचा आकडाच ओढ्याच्या रंगाशी जुळतो, दिवसाची बेरीज जुळत नाही.

जमीन त्या दिवशी काय पांघरून होती ते लिहा

तोच पाऊस जूनमध्ये आणि तोच ऑगस्टमध्ये, फरक मोठा पडतो. जूनमध्ये नांगरून-कुळवून रान मोकळं, बाजरी अजून बोटभर. ऑगस्टमध्ये पिकाने आणि गवताने जमीन झाकलेली, थेंब पानावर फुटतो आणि घरंगळत खाली येतो. म्हणून वहीत पावसाच्या शेजारी एक रकाना फक्त "जमीन" असा ठेवा आणि त्यात लिहा: किती भाग उघडा, किती पिकाखाली, किती गवत, कुठे नवीन नांगरट, कुठे जेसीबीने काम चाललंय.

ज्वारी-पट्ट्यात, म्हणजे सोलापूर, नगर आणि आमच्या पूर्वेकडे, एक वेगळीच अडचण आहे. रब्बीच्या शाळूसाठी काळं रान सगळा पावसाळा पड ठेवतात, आणि तिथला मोठा पाऊस येतो तो सप्टेंबरात, परतीचा. म्हणजे जमीन सगळ्यात उघडी आणि पाऊस सगळ्यात जोराचा, दोन्ही एकाच महिन्यात. काळ्या मातीचं अजून एक, उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात, पहिले दोन पाऊस त्या भेगा गटागटा पितात आणि बघणाऱ्याला वाटतं वा काय जिरतंय, पण ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी आत घ्यायचं जवळजवळ बंद करते. जूनच्या ३० मिमीला कोरडा राहिलेला ओढा सप्टेंबरच्या ३० मिमीला दुथडी वाहतो तो यामुळे.

हे डोळ्याने बघायला दोन छोटे प्रयोग करा. एक, दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा ५ सेंमी जमिनीत ठोका, लिटरभर पाणी ओता आणि जिरायला किती मिनिटं लागतात ते बघा, पड रानात, गवतात, बांधावर, पायवाटेवर. पायवाटेवर तुम्ही कंटाळून जाल. दुसरा, पांढरा पुठ्ठा प्लास्टिकमध्ये घालून एक उघड्या रानात उभा रोवा, एक पाचट किंवा गवत पसरलेल्या जागी. पावसानंतर पहिल्यावर गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे असतात, दुसरा जवळपास कोरा. आच्छादन करा म्हणून शेतकऱ्याला दहा वेळा सांगून पटत नाही ते या पुठ्ठ्याने पटतं, माझा अनुभव आहे.

मग धुपेच्या खुणा शोधत फिरा. खड्याच्या डोक्याखाली मातीचा छोटा खांब उभा दिसला की समजा आजूबाजूची तेवढी माती गेली, खड्याने छत्रीसारखी स्वतःखालची वाचवली. बाभळीच्या, सीताफळाच्या मुळ्या उघड्या पडल्यात का बघा. बोटभर ओघळ पडले असतील तर ते पुढच्या पाळीला मोडून जातात म्हणून शेतकरी विसरतो, पण दरवर्षी तिथेच पडत असतील तर ती उद्याची घळ आहे. सालकाढी धूप तर दिसतच नाही, सगळ्या रानाचा पातळ पापुद्रा एकसारखा जातो. हेक्टरवरून १ मिमी माती गेली, म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षाही पातळ थर, तर ती १० घनमीटर होते, वजनात साधारण १३ टन. आपल्याकडे जमिनीला सोसेल अशी वर्षाची हद्द हेक्टरी ४.५ ते ११.२ टन धरतात, म्हणजे न दिसणाऱ्या त्या एका मिमीतच हद्द ओलांडली.

लोखंडी सळया ठोकून जमीन किती खाली गेली ते मोजायची पद्धत पण आहे, ३० सेंमीची सळई रोवायची आणि वर किती उघडी राहते ते बघायचं. मुरमाड जमिनीत छान चालते. काळ्या रानात जपून, ती माती ओली-सुकी होताना स्वतःच वर-खाली होते, आम्ही पहिल्या वर्षी जूनमध्ये कोरड्यात रोवल्या आणि ऑक्टोबरात ओल्यात वाचल्या तर हिशोबाने माती वाढली होती! रीडिंग दोन्ही वेळा सारख्याच ओलीत घ्यायचं हे तेव्हा कळलं.

ओढ्यावर बाटल्या भरा

१ लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, २०-२५ तरी जमवा. मार्करने आधीच नंबर टाका, पावसात लिहिता येत नाही. साकवावरून दोरीला वजन लावून बाटली सोडायची, पाण्यात उतरायचं नाही, हे मी दोनदा लिहितोय, पाण्यात उतरायचं नाही. मांडीएवढं वेगाचं पाणी चांगल्या माणसाला नेतं आणि ओढ्याचं पाणी वरच्या पावसाने दहा मिनिटांत चढतं.

वरवरचं पाणी घेऊ नका, वर हलका गाळ असतो आणि वाळू खालून जाते. केंद्रीय जल आयोगाचे लोक नद्यांवर खोलीच्या साधारण ०.६ भागावरून नमुना घेतात, आपल्यालाही तेवढ्या अंदाजाने मध्यावरून थोडं खाली चालेल. तरी तळावरून लोळत जाणारे खडे-वाळू बाटलीत येतच नाहीत, ते लक्षात ठेवून आपला आकडा थोडा कमीच आहे असं समजायचं.

नमुना कधी घ्यायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. पाणी चढायला लागलं की लगेच, मग दर १०-१५ मिनिटांनी, उतरताना अर्ध्या तासाने. नवखे लोक पूर माथ्यावर आला की धावत जातात, तोवर निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते. लहान ओढ्यात बऱ्याचदा सगळ्यात गढूळ पाणी पुराच्या माथ्याच्या आधी येतं, कारण वाटेत, रस्त्यावर, ओघळीत सुटी पडलेली माती पहिलं पाणी झाडून घेऊन येतं. पाणी चढताना आणि उतरताना उंची सारखीच असली तरी चढत्या पाण्याची बाटली गडद आणि उतरत्या पाण्याची फिकी निघते. उलटं दिसलं, म्हणजे उतरतानाच जास्त गढूळ, तर वर लांब कुठेतरी काठ ढासळतोय किंवा लांबच्या एखाद्या उपओढ्याचा गाळ उशिरा पोचतोय, जाऊन बघा.

बाटल्या घरी आणून ओळीत ठेवा आणि हलवू नका. ४-५ मिनिटांत १० सेंमी खाली जे बसतं ती वाळू आणि जाडसर गाळ. चिकणमातीला तेवढंच अंतर बसायला किमान ८ तास लागतात, काळ्या रानातली असेल तर दोन दिवसांनीही पाणी दुधाळ राहतं. तेव्हा तुरटीचा खडा दोनदा फिरवा, आपल्या आज्या रांजणात फिरवायच्या तसा. वरचं नितळ पाणी बारीक नळीने काढून टाका, उरलेला गाळ वजन केलेल्या स्टीलच्या वाटीत घेऊन पूर्ण वाळवा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल पॉकेट काट्यावर वजन करा. वाटीचं वजन वजा, उरलं ते लिटरला इतके ग्रॅम. तुरटीने वजनात किंचित फरक पडतो, आपल्या कामाला तो चालतो, फक्त सगळ्या बाटल्यांना सारखीच वापरा. गाळण्याचा कागद वापरू नका, चिकणमातीने तो लगेच चोंदतो आणि अर्धा दिवस जातो.

वाहणारं पाणी मोजा आणि गुणाकार करा

सरळ वाहणारा १० मीटरचा तुकडा काठावरून आखून ठेवा, कोरडं असतानाच त्याची रुंदी आणि वेगवेगळ्या उंचीला किती क्षेत्रफळ भरतं ते मोजून घ्या, आणि साकवाच्या खांबावर रंगाने सेंटीमीटरची पट्टी काढा. पूर आला की अर्धी पाण्याने भरलेली बाटली त्या तुकड्याच्या वरच्या टोकाला प्रवाहात टाका आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचने १० मीटरची वेळ घ्या, तीनदा. वरचं पाणी पळतं तेवढं खालचं पळत नाही म्हणून वेगाला ०.८५ ने गुणा.

हिशोब असा होतो. समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली अर्धा मीटर, क्षेत्र २ चौरस मीटर. १० मीटरला ८.५ सेकंद लागले, म्हणजे वेग १.१८, गुणिले ०.८५, साधारण १ मीटर. तर सेकंदाला २ घनमीटर, म्हणजे २००० लिटर. बाटलीत लिटरला ६ ग्रॅम निघाले. सेकंदाला १२ किलो माती. तासाला ४३ टन. असा दोन तास पूर राहिला तर ८६ टन, ३ टनाची ट्रॉली धरली तर २९ ट्रॉल्या. पुढे हेही बघा, त्या दोन तासांत १४,४०० घनमीटर पाणी गेलं, पाणलोट २०० हेक्टरचा असेल तर ते सगळ्या क्षेत्रावर ७.२ मिमी भरतं. पाऊस ३६ मिमी झाला होता, तर पाचवा हिस्सा वाहून गेला. अर्थात खरा पूर चढतो-उतरतो, त्यामुळे प्रत्येक बाटलीचा त्या-त्या वेळच्या पाण्याशी वेगळा गुणाकार करून मग बेरीज घ्यायची.

आणि इथे एक चूक सगळे करतात. ८६ टन भागिले २०० हेक्टर, हेक्टरी अर्धा टन पण नाही, म्हणजे धूप काही नाही असं म्हणून वही मिटतात. ओढ्यात आलेली माती म्हणजे सुटलेल्या मातीतला थोडाच भाग असतो, बाकीची वाटेत बांधाला, सपाटीला, गवतात अडकते. देशपातळीवर १९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला होता, वर्षाला ५३३.४ कोटी टन माती सुटते, हेक्टरी १६.३५ टन, त्यातली ६१ टक्के इथून उठून तिथे पडते, २९ टक्के समुद्राला जाते आणि १० टक्के धरणांत बसते. इथून उठून तिथे पडली तरी ज्याच्या उताराच्या रानातून उठली त्याचं नुकसान झालंच. म्हणून ओढ्याचा आकडा आणि रानातल्या खुणा दोन्ही लागतात.

वही काय सांगते

पावसाळा संपल्यावर दोन गोष्टी कागदावर मांडा. एक, पाणी किती आणि गाळ किती याचा आलेख. पाणी दुप्पट झालं की गाळ दुप्पट होत नाही, तिप्पट-चौपट होतो. दुसरं, वर्षभराच्या गाळातला किती मोठ्या दोन-तीन पावसांत गेला. आमच्याकडे निम्म्याहून जास्त गेला होता. बाटल्या भरायचे ६०-७० टक्के कष्ट लहान पावसांत गेले आणि खरी माती दोन संध्याकाळी गेली, म्हणून सांगतो, छोटा पाऊस हुकला तर हुकू दे, मोठा सोडू नका.

काम कुठे करायचं तेही यातूनच ठरवा. दोन उपओढे जिथे मिळतात तिथे दोन्हीच्या बाटल्या घ्या, जो गडद तिकडे चाला, पुन्हा फाटा आला की पुन्हा बाटली. असं करत तीन-चार पावसांत नेमकी ती टेकडी किंवा तो नवा खोदलेला रस्ता सापडतो. मग माथा ते पायथा, वर गवत आणि समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले), ओघळीत अनघड दगडी बांध, रानात बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी, सगळ्यात शेवटी खाली बंधारा. उलट्या क्रमाने केलेला बंधारा गाळाने भरतो, असे कितीतरी भरलेले आपण बघतोच. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, त्यातून गाळ रानात जातो ते चांगलंच आहे, फक्त नेण्याआधी माती परीक्षण करून क्षार बघा, आणि तो मुरमाड हलक्या रानात टाका, आधीच भारी असलेल्या काळ्यात टाकून निचरा बिघडतो.

शेवटचं काम एप्रिल-मेमध्ये, तुमच्या ओढ्यावरचा एखादा लहान बंधारा आटला की. मधोमध फावड्याने कंबरभर खड्डा घ्या आणि एक बाजू खुरप्याने सरळ तासा. थर दिसतील, खाली भरड वाळू आणि वर गुळगुळीत चिकणमाती, परत वाळू, परत चिकणमाती, अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक पूर. वरून पट्टी लावून जाड्या लिहून घ्या आणि वहीतल्या तारखा शेजारी मांडत जा. सगळ्यात जाड थर कुठल्या तारखेचा निघतो ते बघा आणि त्या तारखेसमोरचा लाल पेनाचा आकडा वाचा.